ब्रॅडगेट पार्कमध्ये जिओकॅशिंग: आधी दरी, मग टेकडी, आणि शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात

इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या ब्रॅडगेट पार्कमध्ये जिओकॅशिंगला, म्हणजे लपवलेले डबे फोनवरून शोधण्याच्या खेळाला, पहिल्यांदा जाणारी मंडळी बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतात. गाडी टेकडीजवळच्या पार्किंगला लावतात, पंधरा मिनिटांत ओल्ड जॉनच्या बुरुजापाशी पोचतात, फोटो काढतात आणि मग फोनवरचा बाण दाखवेल तिकडे सरळ रेषेत निघतात. मध्ये नेच्याचं दाट रान येतं, हरणांसाठी राखलेली जागा येते, कधी दगडी भिंत आडवी येते. तासाभराने पाय ओले, मुलं कंटाळलेली, डबा एकही नाही. घरी आल्यावर मात्र ‘तिथे काही नव्हतंच’ असं सांगतात.

डबे असतात, फक्त क्रम उलटा झालेला असतो. खाली दिलेला क्रम मी नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच कुटुंबांना सोबत नेऊन बसवलेला आहे. कुठल्याही डब्याची नेमकी जागा मात्र सांगणार नाही, कारण ज्याने तो लपवला त्याची मेहनत त्यात असते.

नवख्यांसाठी दोन ओळी. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा उपग्रहाने दाखवलेल्या अक्षांश-रेखांशावरून शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. खेळातला शब्द ‘कॅश’ असला तरी आपल्या कानाला त्यात पैसे ऐकू येतात, म्हणून मी डबाच म्हणते.

## १. आदल्या रात्री: आधी पार्कचा नकाशा, मग डब्यांचा

पार्क सुमारे ८३० एकरांचं आहे. त्यातल्या तीन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या पाहिजेत. नैर्ऋत्येला न्यूटाऊन लिनफर्ड गावाकडचं फाटक. तिथून लिन नदीच्या कडेने जाणारी डांबरी वाट, जी ब्रॅडगेट हाउसच्या विटांच्या पडक्या वाड्यापाशी पोचते. आणि वायव्येच्या टोकाला २१२ मीटर उंचीच्या टेकडीवर ओल्ड जॉन. हा अठराव्या शतकातला निव्वळ शोभेसाठी उभारलेला बुरूज. अशा बांधकामाला तिकडे फॉली म्हणतात. बाजूला कमान असल्यामुळे लांबून तो कानाचा मोठा मग उपडा न करता ठेवावा तसा दिसतो. पार्कच्या बऱ्याच भागातून तो नजरेस पडतो, त्यामुळे दिशा ठरवायला त्याच्याइतकी सोपी खूण नाही.

हे तीन बिंदू कागदावर हाताने काढा. मुलांना काढू द्या, त्यांच्या ते जास्त लक्षात राहतं. मग अ‍ॅप उघडा.

अ‍ॅपमध्ये प्रत्येक डब्याचा प्रकार बघायचा. साध्या प्रकारात दिलेल्या जागी डबा असतो. मल्टी प्रकारात पहिल्या जागी डबा नसून पुढच्या जागेचा दुवा असतो. कोड्याच्या प्रकारात नकाशावरची खूण खोटी असते, घरी कोडं सोडवल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग नाही. व्हर्च्युअलमध्ये डबाच नसतो. जागेवर काहीतरी बघून उत्तर पाठवायचं असतं. अर्थकॅशही तसाच, फक्त तो खडक आणि जमिनीविषयी असतो. ब्रॅडगेटचे खडक प्रीकेंब्रियन काळातले, इंग्लंडमधल्या फार जुन्या खडकांत मोडणारे. जमीन संरक्षित आहे. अशा जागी काही न पुरता, काही न खोचता खेळता येणारे हे शेवटचे दोन प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतात. नवख्यांनी यांपासूनच सुरुवात करावी.

प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, एक शोधण्याच्या अवघडपणाचा आणि दुसरा जमिनीचा. दोन्ही १ ते ५. लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर दोन्ही आकडे २ च्या आत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी करत नाही: आधीच्या लोकांनी लिहिलेल्या शेवटच्या पाच नोंदी वाचा. शेवटच्या तीन नोंदी ‘सापडला नाही’ अशा असतील तर तो डबा यादीतून काढा. ‘वही ओली’ असं लिहिलेलं असेल तर जास्तीचा कागद घ्या. आणि शेवटी निवडलेल्या डब्यांची माहिती व नकाशा फोनवर उतरवून ठेवा, कारण दरीत नेटवर्कचा भरवसा नाही.

तपासा: फोन एअरप्लेन मोडवर टाका. डब्याचं वर्णन, इशारा (कुठे शोधायचं याचा छोटा संकेत) आणि नकाशा तिन्ही उघडतात का? उघडत नसतील तर उतरवणं अर्धवट झालं आहे.

सावधान: दिवसाला चार-पाच डबे पुरेत. बारा डब्यांची यादी केलीत की हरणं बघायला मान वर होत नाही.

## २. आकडे भरताना

साध्या डब्याच्या बाबतीत अ‍ॅप स्वतःच अक्षांश-रेखांशाचे आकडे घेतं. मल्टी किंवा कोड्यात मात्र ते हाताने भरावे लागतात, आणि चूक इथे होते.

या खेळात अंश आणि दशांश-मिनिटं अशी पद्धत आहे. समजा उत्तर अक्षांश ५२° ४१.२५०′ दिलाय. याचा अर्थ ४१ मिनिटं आणि एका मिनिटाचा पाव भाग, म्हणजे १५ सेकंद. बरेच जण ते ४१ मिनिटं २५ सेकंद असं भरतात. फरक दहा सेकंदांचा, पण जमिनीवर तो ३०० मीटरांहून जास्त होतो. मी स्वतः हे केलंय. नदीकाठच्या डब्यासाठी टेकडीच्या उतारावर पाऊण तास एकेक दगड बघत होते, आणि मुलगी सारखी विचारत होती, “आई, वर्णनात तर पूल लिहिलाय, इथे पूल कुठाय?” तेव्हापासून आकड्यांआधी वर्णनावर विश्वास ठेवायचा, हा आमच्या घरचा नियम.

दुसरी चूक खास आपल्या लोकांची. भारतात रेखांश कायम पूर्व असतो, त्यामुळे बोट सवयीने ‘ई’ वर जातं. ब्रॅडगेट ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, साधारण १° १३′. ते पूर्व भरलंत तर टाचणी पार नॉर्विचच्या बाजूला, दीडशेहून अधिक किलोमीटर लांब पडते.

तपासा: भरलेला बिंदू नकाशावर पार्कच्या हद्दीत पडतो का, आणि वर्णनातली खूण जवळपास आहे का?

## ३. पिशवी आणि पाय

पेन घ्या. दोन घ्या. छोट्या डब्यात पेन मावतच नाही आणि वहीवर सही केल्याशिवाय डबा सापडला असं धरत नाहीत. पेन्सिल त्याहून बरी, ओल्या कागदावरही उमटते. नखाएवढ्या डब्यांसाठी भुवयांचा चिमटा न्या, कारण आतली गुंडाळी बोटांनी निघत नाही. पॉवर बँक हवीच. सतत उपग्रह शोधताना आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. गोचीड काढायचं हूक औषधांच्या दुकानात मिळतं, तेही घ्या.

कपडे पूर्ण लांबीचे, पँट मोज्यांत खोचलेली. उन्हाळ्यात इथे येणारे आई-बाबा सँडलवर निघतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे बूट घालायला लावा. टेकडीवरचा खडक ओला असला की शेवाळल्या घाटासारखा निसटतो.

## ४. महिना आणि वेळ निवडा

इथे तांबडी हरणं आणि फॅलो हरणं अशा दोन जाती आहेत. तांबडा नर अंगापिंडाने आपल्या सांबराची आठवण करून देतो. फॅलोच्या अंगावर उन्हाळ्यात चितळासारखे ठिपके येतात, पण मोठ्या नराची शिंगं पंजासारखी पसरट. दोन्ही मोकळी फिरतात, मध्ये जाळी नाही.

मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत विणीचा काळ. मादी पाडसाला नेच्यात दडवून चरायला जाते. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत नरांचा माजाचा काळ. त्यांचा डुरकण्याचा आवाज दरीभर घुमतो आणि या दिवसांत ते माणसाला जुमानत नाहीत. या दोन काळांत फक्त वाटेला लागून असलेले डबे घ्या. मला विचाराल तर एप्रिल सर्वांत चांगला: नेचा अजून वाढलेला नसतो, जमीन दिसते आणि दिवसही मोठा झालेला असतो.

डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. सकाळी दहाला सुरुवात करा आणि पार्किंगच्या फलकावरची बंद होण्याची वेळ गाडीतून उतरताच फोनमध्ये टिपून ठेवा. पार्किंगला पैसे पडतात.

## ५. सुरुवात न्यूटाऊन लिनफर्डच्या फाटकातून

टेकडीजवळचं पार्किंग जवळ पडतं म्हणूनच ते टाळा. पाय ताजे असताना दरीतले सोपे डबे घ्यायचे, नजर तयार करायची, मग चढायचं. शिवाय फाटकाशी आणि पुढे पडक्या वाड्याजवळच्या डिअर बार्न या चहाघरापाशी स्वच्छतागृहं आहेत, वर माथ्यावर आडोसासुद्धा नाही.

फाटकातून पडक्या वाड्यापर्यंत साधारण दीड किलोमीटर डांबरी, सपाट वाट. डावीकडे खडक, उजवीकडे लिन. नाव नदीचं असलं तरी आपण तिला ओढाच म्हणू. बाबागाडी आणि व्हीलचेअर इथपर्यंत आरामात जाते. वाड्यापासून टेकडीकडे साधारण दोन किलोमीटर आणि माथ्यावरून परत फाटकाशी जवळजवळ तेवढंच. एकूण सहाएक किलोमीटर. नुसतं चालायला दोन तास; शोधाशोधीसह चार धरा.

या वाटेवर बाणाशी कसं वागायचं ते शिकून घ्या. बाण हवेतून जाणारं अंतर सांगतो. ‘२४० मीटर’ दिसलं म्हणून वाट सोडायची नाही. वाटेने चालत राहायचं आणि अंतर कमी होतंय का बघायचं. ते कमी होत होत एका जागी सर्वांत कमी होतं आणि पुन्हा वाढू लागतं. त्या जागी थांबून बाजूला बघायचं. बहुतेक वेळा तिथून एक पायवाट फुटलेली असते. उभ्या उभ्या बाण गरगरत असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीनदा फिरवा आणि दहा पावलं चाला.

सावधान: दगडी भिंतींनी वेढलेली झाडांची बेटं आणि हरणांसाठी राखलेल्या जागा लोकांसाठी बंद आहेत. बाण तिकडे दाखवत असेल तर आकडे चुकलेत किंवा वाट पलीकडून आहे. भिंत ओलांडणं हे उत्तर कधीच नसतं. त्या भिंतीत चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड रचलेले असतात आणि एक पाय पडला तरी ढासळतात.

## ६. हरणं वाटेत आली तर

किमान ५० मीटर अंतर. हात लांब करून अंगठा धरा. अंगठ्याआड हरीण पूर्ण झाकलं जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. कळप डब्याच्या जागेवरच बसलेला असेल तर तो डबा आज सोडून द्यायचा. हुसकावायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खायला तर मुळीच द्यायचं नाही. मादी आणि पाडसाच्या मधून जायचं नाही, दोन नरांच्या मधूनही नाही. कुत्रा सोबत असेल तर पट्टा आखूड धरा.

एका जूनमध्ये माझी भाची बाणामागे वाट सोडून नेच्यात शिरली. अंतर आठ मीटर दाखवत होतं. कमरेएवढी पानं बाजूला केली आणि ती जागीच थिजली. पायापासून हातभर अंतरावर पाडस बसलं होतं, मान जमिनीला चिकटवलेली, पाठीवर पांढरे ठिपके, एक कान तेवढा थरथरत होता. डोळे उघडे, पण हलायचं नाव नाही, कारण आई येईपर्यंत हलायचं नाही हीच त्याची राखण. मी तिला हळू आवाजात म्हटलं, “सोनू, आल्या पावली मागे ये.” ती आली. त्या दिवशी तो डबा आम्ही शोधला नाही.

असं एकटं पाडस टाकून दिलेलं नसतं. हात लावू नका, उचलू नका, फोटोसाठी थांबू नका. आई जवळपासच असते आणि तुम्ही हटेपर्यंत ती येणार नसते.

## ७. शेवटचे दहा मीटर

इथे बहुतेकांचा शोध फसतो, म्हणून सावकाश वाचा.

मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली किंवा खडकाशेजारी दहा किंवा जास्त. डबा लपवणाऱ्याचा फोनही तेवढाच चुकलेला असू शकतो. दशांशातला शेवटचा आकडा इथे उत्तर-दक्षिण पावणेदोन मीटरांहून किंचित जास्त आणि पूर्व-पश्चिम एक मीटराच्या आसपास. म्हणून ‘शून्य मीटर’ यावं म्हणून गोल गोल फिरणं व्यर्थ आहे, गवत तेवढं तुडवलं जातं.

अंतर दहाच्या आत आलं की फोन खिशात घाला. उभे राहा. स्वतःला विचारा, मी इथे डबा लपवला असता तर कुठे? मग नजरेने शोधा, हाताने नव्हे. एकट्या झाडाचं बुंध्याजवळचं भोक. कुंपणाच्या खांबाची मागची बाजू. आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली जरा जास्तच नीट रचलेल्या काटक्या. निसर्ग काटक्या एकाच दिशेने मांडून ठेवत नाही. बाकाची खालची कड, जिथे लोहचुंबकाची डबी चिकटते.

पाच मिनिटांत नाही मिळाला तर इशारा वाचा. तो उलट्या लिपीत असतो: रोमन अक्षरमालेत तेरा घरं पुढचं अक्षर, म्हणजे ए च्या जागी एन आणि बी च्या जागी ओ. अ‍ॅपमध्ये एका स्पर्शात उलगडतो. तो वाचण्यात कमीपणा नाही. वीस मिनिटांत नाही मिळाला तर सोडा आणि ‘सापडला नाही’ अशी प्रामाणिक नोंद करा. ती वाचूनच लपवणारा डबा तपासायला येतो.

सावधान: खडक हलवायचे नाहीत, फोडायचे नाहीत, शेवाळ खरवडायचं नाही. मेलेल्या ओक झाडांची साल उचकटायची नाही; तिच्याखाली किड्यांची घरं असतात. ज्यासाठी काही मोडावं लागतं तिथे डबा नसतो.

## ८. डबा हातात आल्यावर

मुलं ओरडतात, “सापडलाऽऽ!” आणि वाटेवरचे सगळे वळून बघतात. खेळाबाहेरच्या माणसांना जागा कळली की डबा आठवड्यात गायब होतो. त्यामुळे आमच्याकडे एक खूण ठरलेली आहे: ज्याला दिसेल त्याने नुसतं “चहा घ्यायचा का?” विचारायचं.

डबा बाजूला नेऊन, लोकांकडे पाठ करून उघडा. वहीत तारीख आणि टोपणनाव लिहा. आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची ठेवा. खाऊ कधीच ठेवू नका, वासाने प्राणी डबा फोडतात. क्रमांक कोरलेला बिल्ला मिळाला तर तो प्रवासी असतो, घरी ठेवायचा नाही, पुढच्या डब्यात पोचवायचा.

बंद करताना झाकणाच्या कडेला गवताची काडी अडकली नाही ना, हे बोट फिरवून बघा. एका काडीने आत पाणी शिरतं आणि वहीचा लगदा होतो. मग डबा जिथे होता तिथेच, तसाच, तेवढाच झाकून ठेवा. ‘मी जरा चांगला लपवते’ हा मोह आवरा, पुढच्या माणसाचा दिवस त्यात जातो.

## ९. ओल्ड जॉनचा चढ आणि आकडेमोड

डिअर बार्नपाशी पाणी प्या, बॅटरी बघा. ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पॉवर बँक लावूनच चढा.

चढताना बुरूज समोर ठेवा आणि रुळलेल्या वाटेनेच जा. माथ्यावर वारा खालच्यापेक्षा बराच जास्त असतो. टोपी धरा, कागद सांभाळा. धुकं उतरलं आणि बुरूज दिसेनासा झाला तर पुढे जाऊ नका, आल्या वाटेने फिरा. हवा स्वच्छ असेल तर लेस्टर शहर आग्नेयेला दिसतं. त्यावरून फोनची दिशा बरोबर आहे का हे लगेच पडताळा.

उंच जागेवरच्या मल्टीमध्ये फलकावरचे आकडे घेऊन पुढची जागा काढायला सांगतात. पद्धत दाखवण्यापुरतं एक उदाहरण रचते, तिथे डबा नाही. हे पार्क लोकांसाठी खुलं राहावं म्हणून १९२८ साली चार्ल्स बेनियन या लेस्टरच्या उद्योजकाने ते विकत घेऊन देऊन टाकलं. ते साल घेऊ: अ=१, ब=९, क=२, ड=८.

उत्तर ५२° ४१.(अ+क)(ड)(ब−ड) म्हणजे ४१.३८१.
पश्चिम १° १३.(क×क)(अ)(ब−क) म्हणजे १३.४१७.

प्रत्येक कंसातून एकच अंक निघाला पाहिजे. एखाद्या कंसाचं उत्तर ११ आलं तर पुढे हातचा न्यायचा नसतो. तुम्ही फलकावरचा आकडा चुकीचा वाचलाय. परत जाऊन वाचा. म्हणूनच फलकाचा फोटो काढून ठेवायचा, खाली उतरल्यावर पुन्हा चढायचं त्राण नसतं. आणि डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर राखायचा नियम आहे, त्यामुळे तुमचं उत्तर दुसऱ्या डब्याच्या अगदी शेजारी पडत असेल तर शंका घ्या.

सावधान: बुरुजाच्या सांध्यांत बोटं घालून शोधू नका आणि शेजारच्या टेकाडावरच्या युद्धस्मारकावर चढू नका. ते शहीद झालेल्यांचं आहे. मुलांना तिथे दोन मिनिटं शांत उभं करा.

उतरताना घाई नको. चढापेक्षा उतारावरच जास्त जण घसरतात, विशेषतः फोन बघत उतरणारे. कुणी जखमी झालंच तर ९९९ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लावा आणि अ‍ॅपमधले अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. ते आकडे तुमच्या हातात आधीपासून असतात.

## १०. घरी पोचल्यावर, त्याच संध्याकाळी

आधी आंघोळ आणि गोचीड तपासणी, मग नोंदी. गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याच्या रेषेत, कानामागे, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, अंगावरचा तीळ समजून सोडू नका. हुकाने त्वचेलगत धरून काढा. तेल, मीठ, काडेपेटी यांतलं काही लावू नका. जागा धुवा.

नंतर अ‍ॅपवर नोंद लिहा. ‘छान’ एवढंच नको: वही ओली होती का, झाकण तडकलंय का, वाट चिखलाची होती का. जागा ओळखता येईल असा फोटो टाकू नका.

गोचीड निघाली असेल तर तारीख आणि अंगावरची जागा कॅलेंडरवर लिहा. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराचा गोल पसरणारा चट्टा साधारण १ ते ४ आठवड्यांत येतो, क्वचित ३ महिन्यांपर्यंतही. तो दिसला, किंवा चट्टा नसतानाही ताप-अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना ती तारीख दाखवा आणि हरणांच्या पार्कमध्ये गेलो होतो हे आवर्जून सांगा.